जुन्या ट्रॅक्टरचे पाणी कोठे जाते?
(ऊस विकास विभागाकडून)



पावसाळा सरत आला, की आपणां सर्वांचे लक्ष गळीत हंगामाकडे लागते. उसाचे वय, तोडीचा क्रम, टोळीची उचल यांबद्दल रोज बोलणे होते. परंतु ज्या ट्रॅक्टरने ऊस फडातून गव्हाणीपर्यंत यायचा, त्याच्या पोटातील पाण्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही. आमच्या गटातील वाहतुकीचे पुष्कळ ट्रॅक्टर दहा-बारा वर्षांच्या पुढचे आहेत. मालकाला विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "रोज तांब्याभर पाणी घालावं लागतंय, बाकी काही तक्रार नाही."

आमचे म्हणणे असे, की हीच मोठी तक्रार आहे. रोज पाणी घालणे हा उपाय नव्हे. ते कोठे जाते हे शोधणे हा उपाय होय.

ऊस विकास विभागाने यंत्राच्या कामात का पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण साधे आहे. तोडलेला ऊस थांबत नाही. त्याचे वजन घटते व साखरही कमी होत जाते. म्हणून तोडणीनंतर २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा असे आपण सांगत असतो. भरलेल्या दोन ट्रॉल्या वाटेत उभ्या राहिल्या, तर वजन सभासदाचे घटते, उतारा कारखान्याचा घटतो आणि टोळीचा दिवस फुकट जातो.

पाण्याचे काम काय?

डिझेल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच ओढकामाला येतो. जवळजवळ तितकाच भाग धुरावाटे जातो आणि उरलेला मुख्यतः पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी इंजिनाभोवती फिरते, तापते, रेडिएटरात येते, पंख्याच्या वाऱ्याने निवते व पुन्हा आत जाते.

येथे दाबाचा मुद्दा नीट समजून घ्यावा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. देशावर ५००-६०० मीटर उंचीवर ते ९८ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरची कॅप आत दाब धरून ठेवते आणि दर पौंडामागे उकळण्याचा अंश सुमारे दीडने वर नेते. म्हणजे सात पौंडांची चांगली कॅप पाण्याला दहा अंशांची सवलत मिळवून देते. कॅपचे रबर गेले, की ही सवलत गेली. इंजिन निर्दोष असूनही चढावर पाणी उकळते व बाहेर पडते. पुष्कळांचे "इंजिन तापतंय" येथेच संपते.

गळती दोन प्रकारची

बाहेरची गळती डोळ्यांना दिसते. होज पाईप चिरणे, क्लिप ढिली होणे, रेडिएटरच्या नळीस भोक पडणे, वॉटर पंपाचे सील जाणे हे तिचे प्रकार होत. आतली गळती दिसत नाही. हेड गॅस्केट उडणे, हेडला तडा जाणे, लायनरखालचे रबरी रिंग कुजणे हे तिचे प्रकार. बाहेरची गळती जमीन भिजवते, आतली गळती इंजिन खाते. आपले पाणी यांपैकी कोणत्या वाटेने जाते, एवढेच आधी ठरवायचे आहे.

तपासणीचा क्रम

पुढील क्रम घरच्या घरी, इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी करावा. क्रम मोडू नये, कारण स्वस्त तपासणी आधी व महाग तपासणी शेवटी, असा तो लावलेला आहे.

१) रात्री ट्रॅक्टर सपाट जागी लावून पुढच्या बाजूखाली कोरडा पुठ्ठा किंवा खताचे रिकामे पोते अंथरावे. सकाळी डाग कोठे पडला ते पाहावे. रंगीत कूलंट असेल तर डागाचा रंगही सांगून जातो.

२) होज पाईप हाताने दाबून पाहावेत. फार मऊ झालेला, फुगलेला किंवा वळणावर चिरा पडलेला पाईप बदलावा. सांध्याजवळ पांढरा किंवा हिरवट थर साचला असेल, तर तेथून पाणी झिरपून वाळते आहे असे समजावे. गरम इंजिनावर असे थेंब खाली पडण्याआधीच वाफ होऊन जातात, म्हणून जमीन कोरडी दिसते.

३) वॉटर पंपाच्या खालच्या अंगास एक बारीक भोक असते. ते मुद्दाम ठेवलेले असते. सील गेले, की पाणी तेथून ठिबकते. हे भोक कोणी लाखेने वा एम-सीलने बुजवू नये. बुजवले, तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि सीलच्या जागी सगळा पंप बदलावा लागतो.

४) ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल ताकासारखे किंवा दूध घातलेल्या चहासारखे दिसत असेल, अथवा न ओतता पातळी वाढलेली असेल, तर पाणी चेंबरमध्ये उतरते आहे. अशा वेळी इंजिन सुरूच करू नये. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसते. खालचा बोल्ट जरा ढिला केला तर आधी पाणीच येते.

५) कॅप काढून, पाणी तोंडापर्यंत भरून इंजिन सुरू करावे व लगेच आत पाहावे. सुरुवातीचे दोन-चार बुडबुडे हवेचे असतात. परंतु बुडबुडे सारखे येत राहिले, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक झाला, तर जळता वायू पाण्यात शिरतो आहे. गॅस्केट किंवा हेड यांवर संशय घ्यावा. हे पाहताना उपरणे, पदर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

६) यानंतरची परीक्षा दाबाची. रेडिएटरच्या तोंडास हातपंप व घड्याळ असलेले उपकरण लावतात आणि कॅपवर लिहिलेला असेल तेवढाच दाब भरतात. पंधरा मिनिटे काटा हलला नाही, तर सध्या गळती नाही. काटा उतरला व बाहेर ओल दिसली, तर गळती बाहेरची. काटा उतरला आणि बाहेर सर्व कोरडे, तर गळती आतली. त्याच उपकरणाने कॅपही तपासून घ्यावी.

आपल्या कारखान्यात बॉयलरच्या नळ्या पाण्याच्या दाबाखाली तपासतात, हे अनेकांनी पाहिले असेल. ट्रॅक्टरची ही परीक्षा त्याच जातीची आहे. बॉयलरवर कोणी "बघू पुढं" म्हणत नाही. ट्रॅक्टरवरही म्हणू नये.

एक उदाहरण देतो. आमच्या गटातील एका सभासदाचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर रोज दोन तांबे पाणी घेत असे. एका मिस्त्रीने नुसते ऐकूनच "हेड उघडायला लागतंय" असे सांगितले. दाब भरून पाहता वॉटर पंपाच्या भोकातून धार लागली. ऑइल स्वच्छ होते, बुडबुडे नव्हते. पंपावर काम भागले व हेड उघडावे लागले नाही. याच्या उलटही घडते. पाईपच बदलत राहावे आणि पाणी मात्र लायनरखालून चेंबरमध्ये उतरत असावे. म्हणून अंदाजावर काही उघडू नये व अंदाजावर काही झाकूही नये.

खर्चाच्या तीन पायऱ्या

भाव कंपनीप्रमाणे व गावाप्रमाणे बदलतात, म्हणून पायऱ्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली पायरी शेकड्यांची : कॅप, पाईप, क्लिप, पंख्याचा पट्टा.

दुसरी पायरी हजारांची : वॉटर पंप, रेडिएटरची दुरुस्ती किंवा बदल. पितळी-तांब्याच्या रेडिएटरला डाग देता येतो. ॲल्युमिनियमच्या जाळीला व प्लास्टिकच्या टाकीला नेहमीचा डाग बसत नाही. तेथे बहुधा नवाच घ्यावा लागतो.

तिसरी पायरी दहा हजारांच्या पटीची : हेड, गॅस्केट, लायनर, पिस्टन, आणि ऑइलमध्ये पाणी जाऊन क्रँक खराब झाली तर त्याहून वर.

पहिल्या पायरीकडे दुर्लक्ष केले, की तिसरी पायरी आपोआप येते. फाटक्या पाईपामुळे पाणी संपते, पाणी संपल्याने हेड वाकते, हेड वाकल्याने गॅस्केट उडते. येथे एक धोका ध्यानात ठेवावा. पाणी पूर्ण गेले, तर तापमानाचा काटा कधीकधी वर जाण्याऐवजी खालीच राहतो, कारण त्याचे टोक पाण्याऐवजी हवेत उघडे पडते. काटा खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

दुरुस्ती की विक्री?

बिल मोठे निघाले, की "विकून टाकू" असे घरात बोलले जाते. तेव्हा कागदावर हिशेब मांडावा. समजा, दुरुस्तीस ४५,००० रुपये लागतात आणि त्यानंतर ट्रॅक्टर निदान तीन हंगाम चालेल. म्हणजे हंगामास १५,००० रुपये पडले. नव्या ट्रॅक्टरच्या कर्जाचा वर्षाचा हप्ता याच्या शेजारी लिहावा. (हे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते आहेत.) मात्र गिअर, हायड्रॉलिक व क्लच हेही थकले असतील, तर एकट्या इंजिनावर पैसे घालण्यात अर्थ नाही. मिस्त्रीकडून सुट्या भागांची व मजुरीची यादी वेगळी लिहून घ्यावी आणि काढलेले जुने भाग परत मागावेत.

करू नये ते

गरम असताना कॅप उघडू नये. दाबाखालचे पाणी तोंडावर येऊन भाजते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे.

तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये. हेडला तडा जातो.

रेडिएटरात हळद टाकणे, साबण लावणे हे वाटेतून घरी येण्यापुरते. हळद भोकात बसते तशी चांगल्या नळ्यांतही बसते. घरी आल्यावर रेडिएटर धुऊन घ्यावा.

खारट विहिरीचे पाणी कायमचे वापरू नये. त्याचा थर आतून बसतो व उष्णता अडवतो. शुद्ध पाणी व कूलंट यांचे कंपनीने सांगितलेले प्रमाण घ्यावे, बहुधा ते निम्मे-निम्मे असते.

काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवू नये. पुष्कळ कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड व अतिशय विषारी आहे. वासरू, कुत्रे किंवा लहान मूल ते पिऊ शकते.

विजेच्या गाडीलाही पाणी असते

आता काही सभासदांच्या दारी विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या आहेत. तिला इंजिन नाही म्हणून पाणीही नाही, असा समज दिसतो. पुष्कळ गाड्यांत बॅटरी, मोटर व तिचे नियंत्रक थंड ठेवण्यास कूलंट फिरत असते. गाडी जुनी होते तसे तिचेही पाईप, सांधे व पंप झिजतात. बाटलीतील पातळी खुणेखाली जात असेल, तर तत्त्व तेच : आधी दाब भरून जागा शोधणे. सांध्यातील गळती स्वस्तात भागते. बॅटरीच्या पेटीत पाणी उतरले तर खर्च फार मोठा. म्हणून बॅटरीची हमी संपण्यापूर्वी तपासणी करून लेखी नोंद घ्यावी. कूलंट मनाने बदलू नये. नारिंगी रंगाच्या जाड तारांना तर हातच लावू नये. त्यांत जीवघेणा दाब असतो. हे काम शिकलेल्या माणसाचेच.

सभासद बंधूंनो, पहिल्या पाच तपासण्यांना एक सकाळ लागते व पैसा लागत नाही. सहावीचे उपकरण चांगल्या गॅरेजमध्ये मिळते. आपल्या ट्रॅक्टरला रोज किती पाणी लागते, ते आजपासून आठ दिवस एका वहीत लिहा. वाढत असेल, तर मोळी पडण्यापूर्वीच काम उरकून घ्या. हंगाम सुरू झाला की मिस्त्रीलाही सवड नसते आणि आपल्यालाही. आपला ऊस वेळेवर काट्यावर यावा, एवढीच इच्छा.