नवं मशीन घेण्याआधी

परभणी

चि. राणी,

तुझा निरोप मिळाला. दुपारी ऑटोकॅड अडकतं, कधी मध्येच बंद पडतं, म्हणून तू नवं वर्कस्टेशन घ्यायला निघालीस आणि त्यासाठी बँकेत कर्जाचीही चौकशी केलीस. सेलूत ऑफिस टाकून तुला अजून वर्ष व्हायचं आहे, त्यात हा हप्ता डोक्यावर कशाला? थोडे दिवस थांब. मशीन नेमकं कशानं अडतं ते आधी शोधून काढ. ते कळल्याशिवाय घेतलेलं नवं मशीनही त्याच टेबलाखाली, त्याच बोर्डावर चालणार आहे.

सकाळी नीट चालतं आणि बारानंतर बिघडतं, असं तूच सांगितलंस. मला पहिला संशय उष्णतेचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुकानात ३६०० मेगाहर्ट्‌झ सांगून घेतलेला प्रोसेसर मग त्याच्या निम्म्यानंही चालत नाही, आणि आपण दोष सॉफ्टवेअरला देतो. एचडब्ल्यू-इन्फो हा प्रोग्राम टाक आणि दुपारी मोठी फाइल उघडून तापमान व वेग दोन्ही बघ.

मग मशीन बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघड. प्रोसेसरवरचा पंखा काढून खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर टॉर्च मार. सेलू-मानवत म्हणजे कापसाच्या पेठा. जिनिंगच्या हंगामात उडणारी रुई आणि काळ्या मातीची बारीक धूळ यांचा तिथे घोंगडीसारखा थर बसतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही, पण हवा खाली पोहोचतच नाही. ब्लोअरनं साफ कर आणि तेव्हा पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून खराब होतो. थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर पुसून नवी लाव. कॅबिनेट जमिनीवरून उचल आणि पश्चिमेच्या भिंतीपासून हलव.

आता लाइटचं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस सुमारे ३६० वॉटच देतो. ग्राफिक्स कार्डाचं मशीन, दोन मॉनिटर आणि वर लेझर प्रिंटर त्याच्यावर लावलास तर प्रिंट सोडताक्षणी मशीन रिस्टार्ट होणारच. लेझर प्रिंटर गरम होताना एकदम खूप करंट ओढतो, म्हणून तो यूपीएसवर कधीच नको. त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा पाइप आणि माती यांचा संबंध सुटतो, ओल संपते. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावालाच उरतं. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घे. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाल, जोड घासून आवळून घे आणि पुन्हा मोज. हे काम त्याच्या शेजारी उभं राहून करून घे.

आता तुझ्या फाइलबद्दल. सर्व्हेवाल्याकडून आलेल्या प्लॉटिंगच्या ड्रॉइंगमध्ये हॅच फाटल्यासारखे दिसतात, स्नॅप भलतीकडे लागतो, असं तू म्हणालीस. ते ड्रॉइंग डीजीपीएसच्या यूटीएम अंकांवर असणार. सेलूच्या आसपास ईस्टिंग साडेसहा लाख मीटरच्या, तर नॉर्थिंग साडेएकवीस लाख मीटरच्या घरात येतं. ऑटोकॅड आत हिशोब पंधरा-सोळा अंकांपर्यंत ठेवतं, पण ग्राफिक्स कार्ड चित्र काढताना सहसा सातच अंक नीट धरतं. साडेएकवीस लाख लिहितानाच ते सात अंक संपतात. दोन शेजारच्या बिंदूंमध्ये पाव मीटरपेक्षा बारीक फरक त्याला मग कळत नाही. कितीही महागडं कार्ड आणलंस तरी हे दुखणं जाणार नाही.

मूळ सर्व्हे जागचा हलवू नकोस, मोजणीशी जुळवायला तो लागेल. त्याची प्रत करून ६,५०,००० आणि २१,५०,००० असे गोल आकडे वजा करून ती शून्याजवळ आण, हे आकडे ड्रॉइंगमध्येच ठळक लिहून ठेव, आणि रस्ते, प्लॉट, हॅच सगळं तिथे कर. शेवटी तेवढेच आकडे मिळवून परत बसव.

फाइल जड होण्याचं दुसरं कारण म्हणजे इकडून तिकडून कॉपी केलेले ब्लॉक. एका झाडाच्या ब्लॉकबरोबर कुणाच्या तरी जुन्या ड्रॉइंगचे लेयर, लाइनटाइप, नको त्या नोंदी सगळं येतं. महिन्यातून एकदा ऑडिट आणि पर्ज या कमांड चालव. ओव्हरकिल मात्र प्रतीवरच, कारण परवानगीच्या ड्रॉइंगमधल्या बंद पॉलीलाइन त्यात बदलल्या तर ऑनलाइन तपासणीत क्षेत्रफळ चुकतं. सेव्हटाइम पाच मिनिटांवर आण आणि आपोआप सेव्ह होणाऱ्या फाइलींचं फोल्डर कुठे आहे ते बघून ठेव.

कुणी फुकट टाकून दिलेलं क्रॅक सॉफ्टवेअर ऑफिसात असेल तर ते आजच काढ. लोक तुझ्या हाती आपल्या घराची कागदपत्रं देतात, तिथे असला चोरदरवाजा नको. पूर्ण ऑटोकॅड परवडत नसेल तर साध्या नकाशांना ऑटोकॅड एलटी पुरतं.

हे सगळं करूनही मशीन कमी पडलं तर जरूर खर्च कर, पण क्रमानं. जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी एसएसडी. मग रॅम १६ जीबी, दोन सारख्या पट्ट्यांत. प्रोसेसर बदलायचाच झाला तर कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग विचार, कारण ऑटोकॅड बहुतेक काम एकाच कोअरवर करतं. सोळा कोअरचं कोटेशन रेंडरिंग करणाऱ्याला शोभतं, तुझ्या लेआउटला नाही. मशीन विंडोज ११ घेऊ शकतं का तेही बघ, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मात्र काम अर्ध्यावर असताना बदलू नकोस.

ती प्लॉटिंगची फाइल आणि दुपारी तीनच्या तापमानाचा स्क्रीनशॉट मला पाठव. दुकानदाराचं कोटेशनही पाठव, एकेक ओळ बघून सांगतो. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका