पाठ : आपल्या घराचा तपशील वाचूया



क्षेत्रफळाचा तास चालू होता. आठवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, टॅक्सची पावती बाबांच्या नावावर आहे, म्हणजे घर आमचंच ना?" उत्तर देण्याआधी मी थांबलो. कारण हा प्रश्न पुष्कळ मोठ्या माणसांनाही पडत नाही! त्यातूनच हा पाठ तयार झाला.

उदाहरणासाठी कासारवाडीतला एक काल्पनिक फ्लॅट घेऊ.

१) घर किती?
जाहिरातीत लिहिलंय : 650 चौ. फूट, सुपर बिल्ट-अप. करारनाम्यात लिहिलंय : चटई क्षेत्र 42 चौ. मीटर. आता गणित करू. 1 चौ. मीटर म्हणजे 10.764 चौ. फूट. म्हणून 42 × 10.764 = सुमारे 452 चौ. फूट. मग 198 चौ. फूट गेले कुठे? जिना, लिफ्ट, बाहेरच्या भिंती, बाल्कनी यांत. 2016 च्या रेरा कायद्यानुसार बिल्डरनं चटई क्षेत्र स्पष्ट सांगावंच लागतं. मुलांच्या हाती टेप द्या आणि स्वतःची खोली मोजायला सांगा.

२) घर कोणाचं?
मिळकतकराची पावती सांगते की कर भरला. ती मालकीचा पुरावा नव्हे. त्यासाठी नोंदणी केलेलं खरेदीखत, सूची क्रमांक 2, आणि जमिनीसाठी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहावं लागतं. घर घेताना वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत, हेही मुलांना सांगा.

३) घर कुठे?
खरेदीखतात चतुःसीमा असते : पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला काय आहे. म्हणजे शेजाऱ्यांशिवाय घराची ओळखच पुरी होत नाही! भूगोलाचा दिशांचा धडा इथे आपोआप होतो.

४) परिसर कसा?
कासारवाडीत लोकलचं स्टेशन आहे, जुना पुणे-मुंबई रस्ता आहे. 6 मार्च 2022 पासून मेट्रोही धावते. जवळच नाशिक फाट्याचा दुमजली पूल आहे. जाहिरात म्हणते, "स्टेशन पाच मिनिटांवर." माणूस तासाला साधारण 5 किमी चालतो, म्हणजे पाच मिनिटांत 400 मीटरच्या आसपास. पालकांनी मुलांसोबत घड्याळ लावून चालून पाहावं. रूळ ओलांडायचा नाही, पुलानंच जायचं.

पवना नदीही लांब नाही. म्हणून पूररेषा समजावून सांगा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. जाहिरातीत "नदीकाठचं घर" असं छान लिहिलेलं असतं. रेषा आपणच शोधायची.

एक सूचना : मुलांना मूळ कागद शाळेत आणायला सांगू नका. नाव, क्रमांक झाकून फक्त आकडे लिहून आणू द्या. वर्गात भाड्यानं राहणारी मुलंही असतात. त्यांना कागदाची सक्ती नको. खोली मोजणं, चतुःसीमा लिहिणं त्यांनाही जमतं. त्या तासाला त्यांची वही कोरी राहता कामा नये.

गृहपाठ : आपल्या घराची चतुःसीमा चार ओळींत लिहा. जाहिरातीतला कोणताही एक दावा स्वतः मोजून पाहा.

त्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "घर तुमचं असेलच बाळा, पण पावतीवरून नाही. आज बाबांना विचार, खरेदीखत कुठे ठेवलंय?" पालकहो, तुम्हालाही हाच प्रश्न!