जलपर्णीच्या पाण्यात आऊटबोर्ड मोटर चालविताना

जलपर्णीच्या नियंत्रणासाठी १९८० च्या दशकात भारतात आणलेले निओकेटिना भुंगेरे कितपत स्थिरावले आहेत, हे काठावरून कळत नाही. पानांवर त्यांनी खरवडलेल्या खुणा मोजण्यासाठी होडी थेट वनस्पतीच्या थरापर्यंत न्यावी लागते. जलाशयात पिंजऱ्यांतून मासे वाढविणाऱ्या शेतकऱ्यांनाही कित्येकदा अशाच पाण्यातून ये-जा करावी लागते. आऊटबोर्ड मोटरच्या दृष्टीने हे पाणी अडचणीचे असते.

जलपर्णीची लांब मुळे पंख्याभोवती गुंडाळली जातात. अशा वेळी मोटर न्यूट्रलमध्ये टाकून मागे वाकणे आणि हाताने मुळे ओढणे ही सर्वांत घातक सवय होय. इंजिन चालू असताना दांड्याला चुकून धक्का लागला तरी गिअर पडू शकतो. म्हणून इंजिन पूर्ण बंद करावे, सुरक्षा दोरीची चिमटी काढून घ्यावी, मोटर वर उचलून तिचा खटका बसल्याची खात्री करावी आणि मगच होडीत बसूनच मुळे काढावीत. सोबत्याने विरुद्ध बाजूस सरकून तोल सांभाळावा.

ही सुरक्षा दोरी चालकाच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायची असते. चालक पडला की चिमटी निघते आणि इंजिन थांबते. एका सर्वेक्षणात आमच्या चालकाने ती मोटरवरच गुंडाळून ठेवली होती. पंखा बुडालेल्या खोडावर आपटला, मोटर झटक्याने वळली आणि चालक पाण्यात पडला. रिकामी होडी सरळ जात नाही. ती वळत राहते व पडलेल्या माणसाकडेच परत येते. नमुन्यांच्या पिशव्या ओलांडून चिमटी ओढेपर्यंत आमच्या होडीने जवळजवळ पूर्ण फेरी घेतली होती. चालकाच्या अंगात लाइफ जॅकेट होते. पंखा त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

इंजिन थंड ठेवणारे पाणी मोटरच्या खालच्या भागातील जाळीतून आत येते. वरील बाजूने बाहेर पडणारी त्याची बारीक धार अधूनमधून पाहावी. ती मंदावली किंवा थांबली, तर जाळीत कचरा अडकला असे समजून इंजिन ताबडतोब बंद करावे.

पेट्रोलची सुटी टाकी काठावर उतरवूनच भरावी. निघण्यापूर्वी मोटरचे पकड-स्क्रू घट्ट आवळावेत व वल्ही होडीत आहेत, हे पाहावे. दाट थरातून मोटरच्या जोरावर वाट काढण्यापेक्षा ती वर उचलून वल्ह्यांनी पुढे जाणे केव्हाही सोयीचे.

कीटकशास्त्रज्ञाच्या नात्याने आणखी एक सूचना. परतल्यावर पंखा, जाळी आणि होडीचा तळ काठावरच स्वच्छ करून निघालेला कचरा पाण्यापासून दूर वाळवावा. जलपर्णीचे छोटे रोप किंवा साल्व्हिनियाचा एखादा तुकडाही दुसऱ्या तलावात नवा प्रादुर्भाव सुरू करण्यास पुरेसा असतो.