वैद्यांच्या व औषधीशाळांच्या नोंदींसाठी अल्पखर्चिक डिजिटल कॅमेऱ्याची निवड

प्रास्ताविक

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही रुग्णपरीक्षेची तीन साधने आपल्या शास्त्राने सांगितली आहेत. यांपैकी दर्शन हे क्षणाचे असते. आज पाहिलेले मंडल तीन आठवड्यांनी कसे होते हे वैद्याच्या स्मरणावर अवलंबून राहते आणि स्मरण नेहमी आपल्या चिकित्सेच्या बाजूने झुकते. छायाचित्र हा दोष कमी करते. ते स्पर्शन व प्रश्न यांची जागा घेऊ शकत नाही, परंतु दर्शनाला साक्षीदार मिळवून देते.

वैद्यक आणि छायाचित्रण यांचा आपल्याकडील संबंध जुना आहे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. गोमंतकातील मांद्रे येथील डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचाही या संस्थेशी संबंध होता. नारायण दाजी स्वतः कुशल छायाचित्रकार होते, तर भाऊ दाजींनी देशी वनौषधींचा अभ्यास करून कुष्ठरोगावर त्यांचे प्रयोग केले. त्या काळी काचेच्या तावदानावर एक चित्र घेण्यास जे श्रम व खर्च पडत, त्याच्या तुलनेत आजचे साधन जवळजवळ फुकट आहे. प्रश्न साधनाच्या उपलब्धतेचा उरलेला नाही, योग्य निवडीचा व शिस्तीचा आहे.

प्रथम प्रयोजन ठरवावे

दुकानात जाण्यापूर्वी कॅमेरा कशासाठी हवा हे कागदावर लिहावे. आपल्या व्यवसायात त्याची प्रयोजने मुख्यतः तीन आहेत.

पहिले, वनस्पतींची ओळख. औषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. आज ते जाणकार कमी होत चालले आहेत आणि आपण पुरवठादाराच्या शब्दावर विसंबतो. अशोकाच्या सालीऐवजी पॉलिअल्थिया या शोभेच्या ‘खोट्या अशोका’ची साल येते. नागकेशराच्या नावाखाली सुरंगीच्या कळ्या ‘लाल नागकेशर’ म्हणून विकल्या जातात. सुरंगी तर आपल्याच जिल्ह्यातील परिचित वृक्ष आहे.

दुसरे, रुग्णाची नोंद. विचर्चिका, किटिभ, श्वित्र, दुष्टव्रण अशा दृश्य व्याधींत उपशय-अनुपशय ठरविण्यास चित्रमालिका उपयोगी पडते.

तिसरे, औषधीशाळेतील कच्च्या द्रव्यांची नोंद. उत्तम उत्पादन पद्धतीसंबंधीची अनुसूची ‘टी’ २००० मध्ये लागू झाल्यापासून कच्च्या मालाची नोंदवही हे कर्तव्यच ठरले आहे. प्रत्येक आवकीचे मोजपट्टीसह एक चित्र त्या नोंदीला जोडल्यास पुढे तक्रार उद्भवल्यावर कोणता माल आला होता हे सांगता येते.

ही तिन्ही कामे जवळून घेतलेल्या, स्थिर वस्तूंच्या चित्रांची आहेत. दूरचा पक्षी टिपणारी मोठी झूम, जलद मालिका किंवा उच्च प्रतीचे चलच्चित्रण यांची आपणास गरज नाही. त्यांसाठी पैसे देऊ नयेत.

मेगापिक्सेलचा भ्रम

१९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रात केवळ दहा हजार बिंदू होते. आता साध्या मोबाइलवरही दहा लाखांच्या कित्येक पटींचे आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांनी दिपून जाण्यापूर्वी गणित करावे.

उत्तम छपाईसाठी एका इंचात ३०० बिंदू पुरेसे मानतात. ए-४ आकाराच्या पूर्ण पानाला त्या हिशेबाने २४८० × ३५०८ म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू लागतात. आपल्या त्रैमासिकातील अर्ध्या पानाच्या चित्राला ४३ ते ४४ लाख पुरतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा कडा कापून घेण्याची सोय राखूनही पुरेसा आहे. त्यापुढील संख्येपेक्षा पुढील दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत.

सेन्सरचे आकारमान. प्रकाश ग्रहण करणारा हा पट्टा जेवढा मोठा, तेवढा अल्प प्रकाशात चित्रातील रवाळपणा कमी. लहान कॅमेऱ्यांतील प्रचलित सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी, ‘एक इंची’ म्हणविला जाणारा १३.२ × ८.८ मिमी, तर प्राथमिक डीएसएलआरमधील सुमारे २२ × १५ मिमी असतो. क्षेत्रफळाने पाहता शेवटचा पहिल्याच्या अकरापटींहून मोठा ठरतो. मात्र लहान सेन्सरचा एक गुणही आहे. त्याच्या चित्रात पुढचा व मागचा अधिक भाग एकाच वेळी स्पष्ट येतो. फुलाची रचना दाखविताना हा लाभच होय.

लेन्सची जवळून टिपण्याची शक्ती. किमान किती अंतरावरून वस्तू स्पष्ट दिसते आणि त्या वेळी चित्रात किती रुंदी मावते, हे दोन प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावेत. डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स सुमारे २५ सेंमी अंतरावरून ६ ते ७ सेंमी रुंदीचे क्षेत्र टिपते. पान, फूल, शेंग किंवा मध्यम आकाराचा व्रण यांसाठी ते पुरते. बी किंवा परागकेसर यांसाठी पुढे बसविण्याची क्लोज-अप भिंग-चकती स्वस्तात मिळते. झूम पाहावी ती ऑप्टिकल. डिजिटल झूम म्हणजे केवळ चित्राचा तुकडा कापून मोठा करणे आहे.

आजच्या बाजारातील तीन मार्ग

पहिला मार्ग, हातातील मोबाइल. स्वस्त खिसा-कॅमेऱ्यांचा एके काळचा मोठा बाजार मोबाइलने जवळजवळ संपविला आहे. भरपूर उजेडात वनस्पती व कच्चे द्रव्य यांच्या नोंदीसाठी मध्यम प्रतीचा मोबाइलही चालतो. परंतु रुग्णचित्रात दोन दोष सांभाळावेत. अनेक मोबाइल त्वचा आपोआप गुळगुळीत व उजळ करतात. सौंदर्यासाठीचा हा संस्कार रोगनोंदीत खोटी साक्ष ठरतो, म्हणून तशी सर्व योजना बंद करावी. दुसरे, फार जवळून घेतल्यास नाक मोठे व कान लहान असे रूप विकृत येते. चेहरा, सांधा किंवा शोथ यांचे चित्र किमान एक मीटर दूर राहून दुप्पट झूमने घ्यावे.

दुसरा मार्ग, जलरोधक लहान कॅमेरा. पावसाळ्यात कातळसड्यांवर व ओढ्याकाठी हिंडणाऱ्यांस हा उपयुक्त आहे. ओएम सिस्टिमचा २०२३ मधील टीजी-७ हा १२ मेगापिक्सेलचा असून एक सेंमी अंतरापर्यंत जवळून टिपतो. किंमत मात्र साध्या मोबाइलहून बरीच अधिक पडते.

तिसरा मार्ग, प्राथमिक डीएसएलआर, विशेषतः वापरलेला. अनेकजण नवीन आरसाविरहित कॅमेऱ्यांकडे वळल्याने कॅननच्या २०१८ मधील १५०० डी सारखे, २४ मेगापिक्सेलचे कॅमेरे जुन्या बाजारात येतात. अशी खरेदी करताना चार परीक्षा कराव्यात. शटर किती वेळा उघडले ते पाहावे, कारण या वर्गात त्याचे आयुष्य साधारण एक लाख चित्रे धरतात. लेन्समधून विजेरीचा प्रकाश आरपार पाडून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आहेत का हे तपासावे. आकाशाचे चित्र लहान छिद्राने, म्हणजे एफ-१६ वर, घेऊन काळे ठिपके शोधावेत. बॅटरी व चार्जर मूळचे आहेत याची खात्री करावी.

शिफारस अशी की केवळ वनस्पती व द्रव्यनोंद करणाऱ्याने प्रथम असलेला मोबाइलच शिस्तीने वापरावा. नियमित रुग्णनोंद ठेवणाऱ्याने वापरलेला डीएसएलआर घ्यावा. अंदाजपत्रकाचा पाव भाग मात्र तिवई, जादा बॅटरी, दोन मेमरी कार्डे, करडा पत्रा व हवाबंद डबा यांसाठी आधीच बाजूला काढावा. तिवईवरील स्वस्त कॅमेरा हातातील महाग कॅमेऱ्यापेक्षा स्पष्ट चित्र देतो.

रंगाची सत्यता

समजा, विचर्चिकेच्या रुग्णाचे पहिले चित्र सायंकाळी ट्यूबलाइटखाली घेतले आणि दुसरे महिन्याने सकाळच्या उन्हात. दुसऱ्यात आरक्तता कमी दिसेल. ती औषधाने कमी झाली की प्रकाश बदलल्याने, हे कोणीही सांगू शकणार नाही. चिकित्सा यशस्वी झाली असली तरी पुरावा वाया गेलेला असतो. जिव्हापरीक्षेत तर रंग हेच लक्षण आहे.

यासाठी नियम साधे आहेत. उत्तरेकडील खिडकीशी एक जागा ठरवावी व सर्व चित्रे तेथेच, शक्यतो त्याच वेळी घ्यावीत. ऊन थेट पडू देऊ नये, फ्लॅश वापरू नये. पार्श्वभूमीस फिका निळा वा करडा कपडा असावा. पहिल्या चित्रात करडा पत्रा व सेंमीची पट्टी धरून त्यावरून पांढऱ्या रंगाचे संतुलन हाताने ठरवावे. छिद्र एफ-८ च्या आसपास व आयएसओ शक्य तितके कमी ठेवावे. अंतर जमिनीवर खुणेने पक्के करावे.

वनस्पतीसाठी एक चित्र पुरत नाही. संपूर्ण झाड, पानांची मांडणी, पानाची दोन्ही अंगे, फूल समोरून व बाजूने, फळ, बी आणि साल अशी मालिका घ्यावी. कुड्याचे उदाहरण पाहावे. पांढरा कुडा म्हणजे होलारिना आणि काळा कुडा म्हणजे राइटिया यांची पाने पाहून फसगत होते. राइटियाच्या फुलात झालरीसारखी रचना असते व जोडशेंगांची टोके एकमेकांस चिकटलेली असतात. होलारिनाच्या फुलात झालर नसते व शेंगा सुट्या असतात. ही चिन्हे टिपली तर चित्र प्रमाण ठरते. परंतु इंद्रयवाचा कडू रस कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून रस, गंध व स्पर्श यांची नोंद चित्रासोबत शब्दांत करावीच.

सागरी हवेपासून रक्षण

देवगडसारख्या बंदरगावी कॅमेऱ्याचे दोन शत्रू, खारी हवा आणि पावसाळी दमटपणा. कापडी वा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवलेला कॅमेरा चातुर्मासानंतर काढला तर लेन्सवर बुरशी चढलेली आढळते. पिशव्या ओल धरतात. त्याऐवजी झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर कोरडे करावेत, मात्र स्वयंपाकाच्या अगर औषधीपाकाच्या भांड्यात कदापि नव्हे. तांदळात ठेवण्याचा उपाय पिठाची धूळ आत नेतो. समुद्रकाठाहून आल्यावर किंचित ओलसर मऊ फडक्याने बाह्यांग पुसावे. आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा वापरावा. वापरात असलेल्या साधनावर बुरशी सहसा चढत नाही.

जतन, संमती व कायदा

चित्राच्या नावात दिनांक, नोंदणी क्रमांक व अंग असावे, रुग्णाचे नाव नसावे. तीन प्रती ठेवाव्यात, पैकी एक दवाखान्याबाहेर. संदेशसेवेवर साधे चित्र पाठविल्यास ते दाबले जाऊन तपशील नष्ट होतो. तज्ज्ञांकडे मत मागताना ते दस्तऐवज म्हणून पाठवावे. दुर्मीळ वनस्पतीचे चित्र प्रसृत करण्यापूर्वी त्यातील स्थाननोंद काढून टाकावी. नरक्यासारख्या मागणीच्या वनस्पतीचा ठावठिकाणा आपल्याच चित्रातून तोडणाऱ्यास कळू नये.

रुग्णाची लेखी संमती मराठीत घ्यावी. अभ्यासासाठी, प्रकाशनासाठी व चेहरा दाखविण्यासाठी संमती वेगवेगळी असावी आणि नकार दिल्यास चिकित्सेत फरक पडणार नाही हे स्पष्ट सांगावे. बालकासाठी पालकाची संमती आवश्यक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा माहितीचे उत्तरदायित्व अधिक वाढविले आहे. औषधीशाळाचालकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘उपचारापूर्वी व उपचारानंतर’ अशी चित्रे दुकानात वा वेष्टनावर लावणे हे आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कुष्ठ व श्वित्र यांचाही समावेश आहे. अभ्यासासाठी घेतलेले चित्र अभ्यासातच राहावे.

सारांश

प्रयोजन आधी, कॅमेरा नंतर. १२ मेगापिक्सेल पुरेसे, पण लेन्स जवळून टिपणारी हवी. प्रकाश, अंतर व पट्टी कायम असावी. कोरडा डबा, तीन प्रती व लेखी संमती यांत सवलत नसावी.

वाचक वैद्यांनी येत्या तीन महिन्यांत आपल्या औषधालयातील पाच कच्च्या द्रव्यांची वरील पद्धतीने चित्रनोंद करून पाहावी. अशोक, नागकेशर व कुटज यांपासून आरंभ केल्यास आपल्या कपाटात नेमके काय आहे हे प्रथम आपणासच कळेल.