विनामूल्य निविदा संच आणि खुली स्पर्धा : रायपूरच्या अनुभवातून एक अभ्यास

रस्ते, पूल, शाळागृहे, पाणीपुरवठा योजना यांवर शासन दरवर्षी प्रचंड निधी खर्च करते. हा खर्च लोकांच्या करातून होतो. त्यामुळे काम कोणाला द्यावे, हा निर्णय जितका आर्थिक तितकाच घटनात्मकही आहे. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कंत्राट देताना शासनाला मनमानी करता येत नाही. स्वतः ठरवलेले निकष पाळण्याचे बंधन शासनावर असते. घटनेच्या कलम १४ मधील समानतेचे तत्त्व निविदा प्रक्रियेलाही लागू होते. या समानतेची पहिली पायरी अगदी साधी आहे : कामाची कागदपत्रे सर्वांना सारख्याच सुलभतेने मिळाली पाहिजेत.

निविदा संचात काय असते?

निविदा सूचना, बोलीदारांसाठी सूचना, पात्रतेचे निकष, कराराच्या अटी, तांत्रिक विनिर्देश, नकाशे आणि परिमाणपत्रक यांचा मिळून निविदा संच होतो. कोणते काम किती प्रमाणात व कोणत्या दर्जाचे करावयाचे, हे त्यावरूनच कळते. संच हाती नसेल तर कंत्राटदाराला दर काढता येत नाही. म्हणून संचाची उपलब्धता म्हणजेच स्पर्धेतील प्रवेश होय.

शुल्काचा खरा अडथळा

कागदी पद्धतीत संच कार्यालयाच्या खिडकीवर शुल्क भरून विकत घ्यावा लागे. छपाईचा खर्च वसूल व्हावा आणि केवळ गंभीर बोलीदारच पुढे यावेत, असे त्याचे समर्थन केले जाई. जागतिक बँकेच्या खरेदीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही शुल्क नाममात्र असावे, छपाई व वितरणाच्या खर्चापुरते असावे आणि पात्र बोलीदार परावृत्त होतील इतके नसावे, अशी भूमिका होती.

तथापि शुल्काची रक्कम हा अडथळ्याचा लहान भाग होता. एक कोटी रुपयांच्या कामासाठी दोन टक्के बयाणा धरला तरी दोन लाख रुपये अडकतात. त्या तुलनेत संचाची किंमत किरकोळ ठरते. खरा प्रश्न खिडकीचा होता. संच कोणी घेतला हे तेथे उघड होई. स्पर्धक कोण, हे आधीच कळले की आपसांत दर ठरवणे किंवा नवख्यावर दबाव आणणे सोपे जाते. शिवाय अंतराचा प्रश्न होताच. जगदलपूर ते रायपूर हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर आहे. रायपूरच्या कार्यालयातूनच मिळणाऱ्या संचासाठी बस्तरमधील लहान कंत्राटदाराला शुल्कापेक्षा प्रवासच महाग पडणार, हे उघड आहे.

नियमांची वाटचाल

केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००३ मध्ये आदेश काढून संपूर्ण निविदा संच संकेतस्थळावर ठेवण्यास सांगितले. तेथून उतरवून घेतलेली कागदपत्रे कार्यालयातून घेतलेल्या कागदपत्रांइतकीच वैध मानावीत, असेही त्यात नमूद होते. सर्वसाधारण वित्तीय नियम, २००५ मध्ये संच संकेतस्थळावर देण्याची तरतूद होती. मात्र संचाला किंमत असल्यास ती बोलीसोबत भरावयाची होती. म्हणजे खिडकी हटली, शुल्क राहिले.

सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मध्ये पुढचे पाऊल पडले. व्यापक सहभाग व सुलभता यांसाठी, बोलीदाराने संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या संचाचे मूल्य आकारू नये, असे नियम १६१ मध्ये म्हटले आहे. नियम १५९ व १६० अन्वये अनुक्रमे केंद्रीय संकेतस्थळावरील प्रसिद्धी आणि ई-खरेदी यांवर भर दिला आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद लक्षात ठेवावा. नियम १६१ वस्तू व सेवांच्या खरेदीच्या प्रकरणात आहे, तर नियम १४४ मधील पारदर्शकता, न्याय्य वागणूक आणि स्पर्धेला प्रोत्साहन ही मूलतत्त्वे बांधकामांसह सर्व खरेदीला लागू आहेत. हे नियम केंद्र शासनाचे आहेत. राज्यांचे विभाग आपापल्या नियमांनुसार चालतात. तसेच सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या खरेदी धोरणात विनामूल्य निविदा संच व बयाण्यातून सूट आहे, परंतु ते धोरण वस्तू व सेवांपुरते असून बांधकाम कंत्राटांना लागू नाही.

रायपूरचा धडा

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि रायपूर राजधानी बनले. नव्या राज्यात रस्ते व इमारतींची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. रायपूरस्थित छत्तीसगड इन्फोटेक प्रमोशन सोसायटी, म्हणजेच ‘चिप्स’, या संस्थेमार्फत राज्याची ई-खरेदी व्यवस्था उभी राहिली. कागदी लिफाफ्यांची जागा संगणकाने घेतली.

पण संच खुला झाला म्हणून स्पर्धा आपोआप खुली होते काय? जानेवारी २०१९ मध्ये विधानसभेत सादर झालेल्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने हा प्रश्न तीव्रतेने पुढे आणला. नोव्हेंबर २०१५ ते मार्च २०१७ या काळातील १७ विभागांच्या १,९२१ निविदांमध्ये अधिकारी आणि बोलीदार यांनी किमान एक संगणक सामायिकपणे वापरल्याचे आढळले. असे ७४ संगणक होते आणि या निविदांचे मूल्य ४,६०१ कोटी रुपये होते.

एकच संगणक वापरला जाणे हा स्वतः संगनमताचा निर्णायक पुरावा नव्हे, पण चौकशीची गरज दाखवणारी ती ठळक खूण आहे. जुन्या खिडकीवर जी माहिती फुटण्याची भीती होती, तीच नव्या व्यवस्थेत दुसऱ्या दाराने येऊ शकते, हा यातील धडा होय. एक मोलाचा फरकही आहे : संगणकीय व्यवहाराची नोंद मागे राहते. ती नसती तर लेखापरीक्षकांना हे शोधणे अवघड गेले असते.

पुढील दिशा

विनामूल्य संच ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. बोलीदाराचे गांभीर्य तपासण्यासाठी बयाणा व पात्रतेचे निकष आहेतच, त्यासाठी शुल्काची गरज नाही. मात्र पात्रतेचे निकष कामाच्या प्रमाणात असावेत. बोली भरण्यास पुरेसा अवधी मिळावा आणि शुद्धिपत्रके संचाइतकीच ठळकपणे प्रसिद्ध व्हावीत. शेकडो पानांच्या इंग्रजी संचाचा सारांश हिंदीत मिळाला तर लहान कंत्राटदाराला त्याचा खरा उपयोग होईल. व्यवस्थेतील नोंदींचे नियमित विश्लेषण व्हावे. बोलीतील संगनमताला स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ ने प्रतिबंध केला आहे. त्या तरतुदीला अशा विश्लेषणातूनच धार येईल.

कागद सर्वांच्या हाती पोहोचणे ही पारदर्शकतेची सुरुवात आहे. बोली उघडेपर्यंत तिची गुप्तता आणि उघडल्यानंतर निर्णयाची कारणे जाहीर होणे, या दोन्हींची जोड मिळाली तरच करदात्याच्या पैशाला योग्य मोल मिळेल.

सरावासाठी प्रश्न

१. ‘निविदा संच विनामूल्य करणे ही खुल्या स्पर्धेची आवश्यक, पण पुरेशी अट नव्हे.’ छत्तीसगडच्या उदाहरणासह चर्चा करा.

२. सर्वसाधारण वित्तीय नियम, २००५ व २०१७ यांतील निविदा संचाविषयीच्या तरतुदींची तुलना करा.