कोतवालाचे शास्त्रीय नाव काय सांगते?

तळेगाव दाभाडे परिसरात भात निघाल्यावर हरभऱ्याच्या शेतालगत, विजेच्या तारेवर काळा कुळकुळीत कोतवाल बसलेला दिसतो. त्याचे शास्त्रीय नाव 'डायक्रुरस मॅक्रोसर्कस'. व्हिएयो या फ्रेंच पक्षिशास्त्रज्ञाने ते १८१७ साली दिले. शब्द मूळचे ग्रीक. 'डिक्रोस' म्हणजे दुफाटी, 'ऊरा' म्हणजे शेपटी. 'मॅक्रोस' म्हणजे लांब आणि 'केर्कोस' म्हणजे पुन्हा शेपटीच! आपल्या लोकांनी मात्र त्याचे काम पाहिले. घरट्याजवळ आलेल्या कावळ्या-घारींना तो पिटाळून लावतो, म्हणून कोतवाल. शेतकरी बंधूंनी त्याला शेपटीवरून ओळखावे, कावळा समजून हाकलू नये. घाटेअळी तो वेचून खातो. त्याला बसण्यासाठी हरभऱ्यात पिकापेक्षा फूटभर उंच, 'टी' आकाराचे पक्षीथांबे उभारावेत.