कर्णधारपदाचा प्रश्न

इ. स. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि काळ्या लोकांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. अमेरिकेतील वर्णभेद आणि आपल्याकडील जातिभेद यांचे नाते मराठी वाचकासमोर इतक्या लवकर मांडले गेले होते. क्रीडांगणावर हे नाते स्पष्ट व्हावयास मात्र आणखी जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली, आणि ते घडवून आणले एका चर्मकार कुटुंबातील भावांनी.

त्यांपैकी थोरले बाळू पाळवणकर. पुण्यात पारशी खेळाडूंच्या एका क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरविणे अशी कामे ते दरमहा ३ रुपयांवर करीत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात त्यांना ४ रुपये मिळू लागले. तेथे सरावासाठी जाळे बांधणे, खेळपट्टी आखणे या कामांबरोबरच साहेबांना चेंडू टाकण्याचेही काम होते. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामवंत इंग्रज फलंदाज. तो तासन् तास बाळूंच्या डाव्या हाताच्या फिरकीवर सराव करी, आणि बाद झाला की आठ आणे देई, अशी आठवण सांगितली जाते. इतके चेंडू टाकूनही बाळूंच्या हाती तेथे बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबाचे काम आणि चेंडू टाकणे हे चाकराचे, ही वाटणी त्या मैदानावर कोणाला विचित्र वाटत नव्हती.

युरोपियनांना हरवावयाचे तर हा गोलंदाज आपल्या बाजूस हवा, हे पुण्यातील हिंदू खेळाडूंना कळून चुकले. त्यावर वादही झाला. अखेर गरजेने सोवळ्यावर मात केली. पण ती केवळ सीमारेषेच्या आत. चेंडू सर्वांच्या हातातून फिरे, तेव्हा विटाळ होत नसे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे, आणि जेवणाचे पानही दूर मांडले जाई. विटाळाचे हे वेळापत्रक कोणत्या शास्त्रात सापडते, हे शास्त्री मंडळींनाच ठाऊक.

पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्यात परिस्थिती काहीशी निवळली. बाळूंचे धाकटे बंधू शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नावारूपास आले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळू आणि शिवराम या दोघांचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी यथातथाच झाली. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राच्या कामी पुढे आलेल्या तरुणांत भीमराव आंबेडकर हे होते.

एवढे होऊनही एक दार बंदच राहिले. हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. गोलंदाजाकडून बळी घ्यावयाचे असतात. कर्णधाराची मात्र आज्ञा पाळावी लागते. जे लोक अस्पृश्याबरोबर खेळण्यास राजी झाले होते, ते त्याच्या आज्ञेत राहण्यास राजी नव्हते. कर्तबगारीच्या बळावर मैदानात प्रवेश मिळतो. पण अधिकार वाटला जातो तेव्हा कर्तबगारीचा विसर पडतो. १८९४ साली दक्षिण आफ्रिकेच्या संघातून क्रोम हेन्ड्रिक्स या वेगवान गोलंदाजास केवळ वर्णामुळे वगळण्यात आले. तेथे प्रवेशच नाकारला होता. येथे प्रवेश देऊन पायरी राखून ठेवली होती, एवढाच फरक.

१९२० सालच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी ही गाठ तुटेपर्यंत ताणली गेली. उतारवयाकडे झुकलेल्या बाळूंना वगळण्यात आले. कर्णधार म. दा. पै आजारी पडले, तेव्हा विठ्ठल यांचा हक्क डावलून पुण्याचे दि. ब. देवधर यांना नेमण्यात आले. देवधर थोर खेळाडू होते, याविषयी दुमत नाही. पण संघातील दीर्घ सेवा आणि ज्येष्ठता पाहता निवड जातीवरून झाली, असे पाळवणकरांस वाटले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली, आणि त्याची कारणे जाहीर निवेदनाद्वारे लोकांसमोर ठेवली.

या निवेदनाचे मोल कमी लेखता येणार नाही. तोवर या भावांनी अपमान गिळून खेळ केला होता, आणि त्यांच्या मौनाची ‘विनय’ म्हणून स्तुतीही झाली होती. जिमखान्याची कृपा हीच ज्यांची प्रतिष्ठा, त्यांनी ती कृपा परत केली. १९६८ साली मेक्सिको शहरात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक स्वीकारताना काळ्या हातमोज्यातील मुठी उंचावल्या. ते छायाचित्र जगभर गेले. पाळवणकरांच्या निषेधाचे छायाचित्र निघणे शक्यच नव्हते. जो खेळाडू मैदानावर आलाच नाही, त्याचे छायाचित्र कोण घेणार?

परिणाम मात्र झाला. पै बरे होऊन परतले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोघे भाऊ पुन्हा संघात आले, आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असता पै काही काळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. त्याच महिन्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावात अस्पृश्यतेचा कलंक धुण्याचे आवाहन केले. वारे फिरत होते. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले, आणि त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी सामने जिंकले. हा सर्व प्रवास विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ या १९४८ सालच्या आत्मचरित्रात नोंदविला आहे.

बाळू पुढे राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उभे केले, ते ज्यांच्या तरुणपणी त्यांच्या मानपत्राचे काम झाले होते त्याच डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.